एकतीस जूनचे चार अंश

लसींच्या फ्रिजचा काटा रोज सकाळी बघायचा आणि आकडा नोंदवहीत लिहायचा, एवढंच काम. पण सिस्टर पडल्या कायमच्या घाईतल्या. महिनाअखेरीला एका बैठकीत त्या सगळे रकाने भरून टाकत: चार, चार, चार. या वेळी हात असा सुटला की एकतीस जूनलाही चार अंश पडले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "सिस्टर, हा दिवस कुठून आणलात?"

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. नोंद खोटी, म्हणजे लसींचा भरवसा नाही. वर्षभरातली सहाशे बाळं पुन्हा बोलावून टोचायची, असं साहेबांनी सरळ सांगून टाकलं.

दारात फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. सोळा वर्षं त्या इथे होत्या; अक्षरओळख नाही, आकडे तेवढे येत. "माझी कॅलेंडरं आणू का?"

आता हे काय मध्येच, असं सिस्टरांना वाटलं. मावशींनी झाडूच्या कपाटातून जाडजूड गुंडाळी आणली. प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीचा आकडा: पाच, तीन, सहा. रजेच्या दिवशीचा आकडा वॉचमनला विचारून घेतलेला, त्याभोवती गोल.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आधीच्या मोठ्या सिस्टर जाताना म्हणाल्या, काटा बघत जा. मग नको असं कोणी म्हटलंच नाही."

साहेब उठून उभे राहिले आणि उभ्यानेच पानं उलटू लागले. सिस्टर थक्क होऊन बघत राहिल्या. दिवसातून दहादा जिला 'मावशी, जरा बाजूला' म्हणायचं, तिने अख्खा दवाखाना तोलून धरला होता.

मे महिन्यात एका चौकोनात बारा होते; आठच्या वर गेलं की लस बिघडते.

"दार उघडं राहिलं होतं," मावशी एवढंच म्हणाल्या.

सिस्टर पुढे झाल्या. "त्यांनी मला लगेच सांगितलं होतं. मी 'हो हो' म्हणाले आणि टोचत राहिले."

साहेबांनी ते शब्दशः उतरवून घेतलं. सिस्टरांची चौकशी आता टळणार नव्हती. पण लसीकरणाच्या वहीप्रमाणे त्या दिवशी फ्रिजमध्ये असलेल्या लसी एकवीस बाळांनाच टोचल्या होत्या. बोलवायची ती एकवीस.

"मावशी, इथे सही करा."

मावशींना सही येत नव्हती. त्यांनी पदराला हात पुसले, फ्रिजपाशी जाऊन वाकून काटा पाहिला, आणि परत येऊन साहेबांनी दाखवलेल्या जागी लिहिलं: ५.