मिस्त्रींची आखूड दारं

निम्म्या गल्लीची दारं मिस्त्रींच्या हातची, पण त्यांच्या स्वतःच्या कारखान्याची दारं मात्र बघवत नव्हती. घरामागच्या त्या एका खोलीला कारखाना म्हणायचं, हा त्यांचा हट्ट. दारांच्या खालच्या कडा कुजून भुगा झालेल्या, बिजागऱ्या लोंबकळणाऱ्या आणि कडी तर लागायचंच नाव घेईना. रंधे-पटाश्यांसारखी हत्यारं कोणी उचलून नेईल या धास्तीने मिस्त्री आतच, फळ्यांवर चादर टाकून झोपू लागले.

सकाळी ते कमरेवर हात ठेवून वाकत वाकत घरात आले, की बायको आधी शेकायला पाणी तापत ठेवायची. तोंडाने मात्र म्हणायची, "आले पाहुणे! चहा घेणार ना?"

"भाव असे चढलेत, नव्या लाकडाला हात लावायची सोय राहिली नाही," मिस्त्री करवादायचे. "आणि चांगली फळी हाती आली, की गिऱ्हाईक हजर!"

ते खरंच होतं. स्वतःसाठी बाजूला ठेवलेली प्रत्येक फळी त्यांनी आजवर दुसऱ्याच्याच घरी पोचवली होती.

एकदा जळमटं झाडायला बायको कारखान्याच्या माळ्यावर चढली. भिंतीकडे तोंड करून, पोत्यांनी झाकलेली दोन दारं तिथे उभी! माप चुकलेली. गिऱ्हाइकाला दुसरी करून दिली, पण ही मोडायला मिस्त्रींचा जीव धजत नव्हता आणि दाखवायची लाज वाटत होती.

"अहो, ही लावा की!" तिने वरूनच खाली मिस्त्रींना सांगितलं.

"वेडी आहेस का? चार बोटं आखूड आहेत. माझीच चूक चव्हाट्यावर टांगू?"

"मग चुकीला माळ्यावर आरामात राहू दे, तुम्ही झोपा फळ्यांवर. कंबर धरली की माझ्याकडे येऊ नका." बोलता बोलता ती डोळे पुसत खाली उतरली.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि वर चढून दारं खाली दिली.

उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी चार बोटांची पट्टी काढून दारांच्या तळाला स्क्रूने बसवली. जुन्या बिजागऱ्या रॉकेलमध्ये बुडवून घासल्या. ती दार पेलून उभी आणि ते, "वर घे... अगं, तुझ्या बाजूने वर!" असं भांडता भांडता दुपार टळली. पण कडी खट्कन लागली.

संध्याकाळी समोरचा शिंपी येऊन वाकून बघू लागला. "मिस्त्री, खाली ही वेगळी पट्टी कशाला?"

मिस्त्रींचे कान लाल झाले. बायकोच पटकन म्हणाली, "पाणी खालीच लागतं ना, भाऊजी. कुजली की तेवढीच बदलायची. अख्खं दार कशाला घालवा?"

"वा, डोकं आहे! मलाही असंच करून द्या."

"बघू," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "किचकट काम असतं ते."

जेवणं झाल्यावर ते घरात पलंगावर आडवे झाले आणि लगेच उठून बसले.

"कडी नीट लागली असेल ना? बघून येतो."

"बसवली कोणी?"

"मीच."

"मग झोपा."

ते झोपले. घोरणं सुरू झाल्यावर ती हळूच उठली, मागच्या अंगणात गेली आणि कडी दोनदा ओढून पाहून आली.