मंदाकाकूंनी चीनमधल्या नदीची ओटी भरली

मी मंदाकाकूंशी एकदा खोटं बोललो होतो. काल सकाळी त्या गेल्या.

झोपेतच गेल्या. त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. काकू मूळच्या वाईच्या. इथे परदेशात, टॅला गावात, मुलगा केदारदादा आणि सून मृणालवहिनी यांच्याकडे राहायच्या. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये त्या केअर असिस्टंट होत्या आणि मी तिथल्याच किचनमध्ये आहे.

डिप्लोमा अर्धवट सोडून इथे आलेल्या मला "जेवलास का?" असं रोज विचारणारं एकच माणूस होतं.

आमच्या स्टाफरूममध्ये चायनीज टेकअवेवाल्याने दिलेलं कॅलेंडर असतं. मागच्या वर्षी मार्चच्या पानावर एक हिरवी नदी होती आणि दोन्ही काठांना सुळक्यासारखे उभे डोंगर.

एप्रिल लागला तरी काकू ते पान उलटू देईनात. सुपरवायझर बाई म्हणाल्या, ग्रँड, म्हणजे ठीक आहे, राहू दे. मग आम्ही सगळे तारीख मोबाईलवर बघायला लागलो.

जूनमध्ये काकूंनी जाहीर केलं की त्या ही नदी बघायला चीनला जाणार. दादा-वहिनींना सुट्टी मिळत नव्हती.

"तू चल माझ्याबरोबर. तू याद्या कर, मी नदी बघते."

मी याद्या केल्या. व्हिसा, इथल्या राहण्याच्या परवान्याचं आयआरपी कार्ड, हॉटेलची बुकिंगं, सगळ्याच्या तीन-तीन प्रती, वेगवेगळ्या बॅगांत. काकूंनी मेतकूट आणि दशम्या घेतल्या. विमानात मला म्हणाल्या, तुझी फाईल हरवली तर आधी तुलाच शोधावं लागेल.

ऑक्टोबर होता. यांगशुओ नावाचं गाव. कॅलेंडरमधले डोंगर खरंच तसेच होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही बांबूच्या तराफ्यावर बसलो. दोन खुर्च्या आणि मागे लांब काठी घेऊन उभा असलेला एक म्हातारा नावाडी. इंजिन नाही. पाण्याचा आवाज तेवढा.



मग काकूंनी पर्समधून एक हिरवा खण काढला. हळदकुंकवाच्या पुड्या काढल्या. मूठभर तांदूळ. नारळ मिळाला नव्हता, म्हणून सकाळी बाजारातून त्यांनी एक मोठं पपनस घेतलं होतं. मला वाटलं होतं खायला घेतलंय.

वाईला बायका कृष्णेची ओटी भरतात. नवी नवरी होत्या तेव्हापासून काकू दर वर्षी भरायच्या. काका गेल्यावर बंद केलं. कोणी नको म्हटलं नाही. पुढच्या वर्षी जावेने ताट त्यांच्यासमोरून पुढे नेलं, एवढंच.

काका जाऊन बारा वर्षं झाली होती. इथे मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही काकू हॉलच्या किचनमध्ये माझ्याबरोबर चहा गाळायच्या.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी, की म्हणूनच, मी विचारलं,

"काकू, पण तुम्हाला चालतं का?"

त्यांचा हात थांबला.

पुढे एक छोटा बंधारा होता. तराफा त्यावरून खाली घसरला, आमचे पाय भिजले. काकू खण मुठीत धरून बसल्या होत्या.

"बारा वर्षं मी दुसऱ्यांची ताटं धरली, ओंकार. आता हिलाच विचारते. हिने नको म्हटलं तर घेईन परत."

त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं. तांदूळ सोडले. खणात गुंडाळून पपनस सोडलं आणि हात जोडले.

पपनस खणातून सुटलं आणि तरंगत पुढे गेलं. खण मागे राहिला.

नावाड्याला वाटलं, बाईंचं कापड पडलं. त्याने काठीच्या टोकाने तो खण उचलला, पिळला आणि दोन्ही हातांनी काकूंना परत दिला.

मी काकूंकडे बघू शकत नव्हतो.

काकू हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी तो ओला खण नावाड्याच्या हातात ठेवला आणि खुणेने सांगितलं, घरी, बायकोला.

त्याला ते कळलं. त्याने मान लववली आणि खण तराफ्याच्या पुढच्या टोकाला वाळत घातला. उरलेला सगळा वेळ तो खण आमच्यासमोर होता.

काकू मला म्हणाल्या, वाईलाही खण शेवटी कोणाच्या तरी घरीच जातो.

परत येताना बसमध्ये मी त्यांना सांगितलं की मी दंडाबद्दल विचारत होतो. नदीत काही टाकलं तर तिथे दंड होत असेल, म्हणून.

"हो रे," म्हणाल्या. "तुला दंडाची काळजी."

मी दंडाबद्दल विचारलं नव्हतं. ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला.

या जानेवारीत संक्रांतीला काकू परत किचनमध्येच होत्या. मी शेजारी उभा होतो. बाहेर चला, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

काल संध्याकाळी केदारदादाच्या घरी उद्याच्या अंत्यदर्शनाची तयारी चालली होती. कोणीतरी हळू आवाजात म्हणालं की कुंकू नको, त्यांना चालणार नाही. चांगल्या मनानेच म्हणालं. मृणालवहिनी दादाकडे बघत राहिल्या.

तेव्हा मी नदीचं सांगितलं. माझ्या प्रश्नासकट.

"आई हे कधी बोलल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या.

दादा म्हणाला, "लिही तू. येणाऱ्या सगळ्यांना कळू दे."

म्हणून लिहिलं.

उद्या अकरा वाजता दर्शन आहे. पत्ता ग्रुपवर टाकलाय. वहिनी काकूंना हिरवी साडी नेसवणार आहेत आणि पहिलं कुंकू त्याच लावणार आहेत. त्यांच्यानंतर ज्यांना हळदकुंकू लावायचं असेल त्यांनी लावा, कोणाला विचारायची गरज नाही.

काकू, तो प्रश्न माझा होता, नदीचा नव्हता. माफ करा.

सावकाश जा. नमस्कार.