मिलराइट म्हणजे चक्की नव्हे!

डाळमिलमध्ये कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत कोंडा साचतोच. किश्श्यांचंही तसंच! आयटीआय करून मी वारंगा फाट्याजवळच्या डाळमिलमध्ये अप्रेंटिस लागले आणि वर्षभरात पोतंभर जमले. मिलराइट म्हणजे मशीन बसवणारा, दुरुस्त करणारा. वर्ष संपायच्या आत एक तरी मशीन एकटीनं बसवायचंच, असं मी ठरवलं होतं. पण उस्ताद होते करीमचाचा! "चांगलं" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलाच नव्हता.

* * *

आईनं आमच्या गावी, गोरेगावात सांगितलं, "पोरगी मिलमधी हाय." झालं! आठ दिवसांत जीपनं मावशीचा डबा आला. आत ज्वारी, वर चिठ्ठी: "मने, बारीक दळ."

मी लाजेनं मेले. चाचा म्हणाले, "दळून आन की. तेवढं तरी जमंल!"

* * *

पहिला महिना हातात पाना नाही! नुसता मशीनचा आवाज ऐकायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. तिसऱ्याच दिवशी मी ओरडले, "चाचा, बेअरिंग गेलं! किरकिर करून राहिलं!"

मिल थांबली. चाचांनी वाकून पाहिलं, तर माझं टोक शेजारच्या ढिल्या पत्र्यावर!

"बेअरिंग न्हाई गं, तुझा अभ्यास किरकिर करून राहिला."

* * *

एकदा गिअरबॉक्स जोडला आणि खाली एक बोल्ट उरला. "खोला सगळं!" चाचा गरजले. आम्ही तीन तास खोलला, जोडला. बोल्टला जागाच नाही! मग कळलं, तो चाचांच्याच खिशातून पडला होता.

"प्रॅक्टिस झाली ना?" चाचा म्हणाले.

* * *

मोटरची उंची जुळवायला तिच्या पायाखाली घालायच्या कागदासारख्या पातळ पत्र्या मी एकदा कचरा समजून झाडून टाकल्या! मग काय, उस्ताद आणि शागीर्द दोघंही उकिरड्यावर. तिथं माझं हरवलेलं कानातलं सापडलं. मी उड्या मारल्या.

"त्याला काय करतीस? पत्री हुडक!"

* * *

शेवटच्या आठवड्यात नवी मोटर आली. "तू बसव. आमी बघतो," म्हणत चाचा खरंच खुर्ची टाकून बसले. मी लगेच पाना उचलला! मोटर आणि मशीन एका रेषेत आणायचं. पत्री घाल, काढ, पुन्हा मोज. दुपार गेली. बटन दाबताना आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

मोटर फिरली. चाचा उठले. चहानं काठोकाठ भरलेली बशी त्यांनी चालू मोटरच्या वायरिंगच्या डब्यावर ठेवली. जराशी थरथर असती तरी चहा सांडला असता. मी वाकून बशीकडे पाहत राहिले.

एक थेंब सांडला नाही!

चाचांनी बशी उचलली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय."