रविवारचं भांडण

बेलापूरच्या बाहेर, उसाच्या दोन फडांमधून जाणाऱ्या वाटेवर एक लहानशी वस्ती आहे. तिथे सकाळ कोंबड्याच्या आरवण्याने होत नाही, बनाबाई त्रिभुवनच्या आवाजाने होते. "चांगुणे!" अशी एक हाक उठते, आणि भिंतीपलीकडून तितकाच खणखणीत जबाब येतो. मग चहा गाळता गाळता, दात घासता घासता सगळी वस्ती कान तिकडे लावून बसते.

भांडणाचं कारण उभं होतं, आणि चांगलं उंच होतं. शेवग्याचं झाड. बुंधा बनाबाईच्या अंगणात, पण फांद्या भिंतीवरून वाकून चांगुणाच्या अंगणात. पाणी बनाबाई घालायची, सावली चांगुणाच्या शेळीला मिळायची. आणि शेंगा? शेंगांवर तर सगळं अडलं होतं. तरुणपणी दोघींनी एकाच सरीत बसून खुरपणी केली होती, एकमेकींच्या भाकरीवरचं कालवण खाल्लं होतं. पण ते जुनं झालं. आता चांगुणाची दोन्ही मुलं पुण्याला, घरात ती आणि शेळी. बनाबाईकडे मुलगा शांतवन, सून दीपा आणि माघात जन्मलेली नात.

या नातीपायी सगळं घडलं.

ईस्टरच्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा ठरला होता, आणि बनाबाईला तिची धर्ममाता व्हायचं होतं. दीपाच्या मनात मात्र संगमनेरची रेबेकामावशी होती. रेबेकामावशी नर्स होती, नीट बोलायची, आणि तिने झालरीचा पांढरा फ्रॉक घेऊनही ठेवला होता. बनाबाईकडे फ्रॉक नव्हता. पण चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे उभं राहण्याची वेळ तिच्या आयुष्यात दोनदाच आली होती, एकदा लग्नात आणि एकदा नवऱ्याच्या शवपेटीशेजारी. पोरांच्या बाप्तिस्म्याला दर वेळी दुसरंच कुणी पुढे असायचं आणि ती चुलीपाशी. आता तिला एकदा हातात मेणबत्ती धरून पुढे उभं राहायचं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलली एवढंच, "नात माजी हाय, दुसऱ्या कुनाचा काय संबंध?"

नवे आलेले फादर ग्रेगरी मोटारसायकलवरून घरी आले तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. धर्ममाता म्हणजे फ्रॉक देणारी नव्हे. बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने सैतानाचा त्याग करणारी, देवावर श्रद्धा आहे असं सांगणारी. आणि पुढे पोर मोठं होताना त्याला ती श्रद्धा शिकवणारी.

"ख्रिस्ती श्रद्धेचं सार काय, आजी? देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर..."

तेवढ्यात भिंतीपलीकडून फांदी मोडल्याचा आवाज आला.

"एक मिंट, फादर," म्हणून बनाबाई उठली. अंगणात गेली. मग जे काही ऐकू आलं त्यात चांगुणाचं माहेर होतं, शेळी होती आणि शेळीचंही माहेर होतं. चांगुणानेही काही बाकी ठेवलं नाही. थोड्या वेळाने बनाबाई आत आली, पदर सारखा केला, खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "हां, बोला. प्रीतीवर हुता तुमी."

शांतवनने मान खाली घातली. दीपाने मोबाईल उचलला आणि रेबेकामावशीचा नंबर शोधू लागली.

फादरांना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. म्हणाले, "आजी, राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतोय. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू. तुम्ही चांगुणाबाईंशी भांडण सोडा. सोडलंत, तर धर्ममाता तुम्हीच. नाही तर रेबेकाबाई."

"मटन सोडते की," बनाबाई घाईने म्हणाली. "चहा बी सोडते."

"भांडण."

बनाबाईने कुडाच्या फटीतून शेवग्याकडे पाहिलं. झाड नुकतं फुलून गेलं होतं आणि हिरव्या कोवळ्या शेंगा लोंबायला लागल्या होत्या. उपवासकाळ यायला हीच वेळ सापडली.

राखेच्या बुधवारी ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आली. चांगुणा भिंतीशी उभीच होती.

"काय गं बने, भस्म लावून आलीस? आमच्यात आलीस का काय?"

बनाबाई गप्प.

"काय म्हनले तुजे फादर राख लावताना?"

एवढ्याचं उत्तर द्यायला हरकत नव्हती. हे भांडण नव्हतं, धर्म होता. "म्हनले, तू माती हायेस आन मातीला मिळशील."

"बरूबर वळखलं की त्यांनी," चांगुणा म्हणाली.

बनाबाईच्या ओठांवर जे आलं ते तिने गिळलं. वर तांब्याभर पाणी प्यायली.

पुढचे दिवस वाईट गेले. अट चांगुणाला कळायला वेळ लागला नाही, कारण वस्तीत गोष्ट चुलीच्या धुरापेक्षा आधी पोचते. मग तिला चेवच आला. पहिल्या दिवशी तिने शेंगा चोरून तोडल्या, दुसऱ्या दिवशी उजळ माथ्याने, तिसऱ्या दिवशी आकडी बांधलेला बांबू घेऊन. मढीच्या यात्रेहून आल्यावर रेवडीचा पुडा भिंतीवरून पुढे करत म्हणाली, "घे, कानिफनाथाचा परसाद. तोंड गोड कर. न्हाईतरी तोंडाला दुसरं काम न्हाई तुज्या."

बनाबाईने रेवडी घेतली आणि दात आवळून चावली. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट असायची. ख्रिस्त क्रूस घेऊन कसा कसा गेला, हे एकेका चित्रापुढे गुडघे टेकून आठवायचं. तिथे बनाबाईने इतक्या कळवळून प्रार्थना केली की शेजारच्या बाईने विचारलं, "घरी कोनी आजारी हाय का?"

पण चांगुणाचीही गंमत फार दिवस टिकली नाही. एकटीने किती बोलायचं? टोमणा भिंतीवरून पलीकडे जायचा आणि परतच यायचा नाही. ती शेळीवर ओरडली. शेळीने कान हलवले. मग एका सकाळी तिने आकडीही उचलली नाही. नुसती भिंतीशी उभी राहून पलीकडच्या भांड्यांचा आवाज ऐकत राहिली.

इकडे बायकांच्या बैठकीत फादर उपवासकाळाची माहिती देत होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काही शंका?" आजवर कुणाला शंका आलेली नव्हती. बनाबाईचा हात वर गेला.

"फादर, मी कॅलिंडर बघितलं. बुधवारपासनं ईस्टरपातुर चाळीस भरत न्हाईत. जास्त हुत्यात."

फादर खूश झाले. "शाब्बास, आजी! कारण रविवार त्यात धरायचा नसतो. रविवार म्हणजे प्रभू मरणातून उठला तो दिवस. तो आनंदाचा वार, उपवासकाळातसुद्धा. त्या दिवशी उपवास नसतो."

"आजाबात नसतो?"

"नसतो."

बनाबाईच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की फादरांना वाटलं, आज एक जीव खरोखर श्रद्धेला जागा झाला.

त्या रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपून बनाबाई घरी आली, ती पांढरी इस्त्रीची साडी न बदलताच भिंतीशी गेली. पदर खोचला.

"चांगुणे!"

चांगुणाच्या हातातलं ताट खाली पडलं. "आगं बया, तुजा उपास?"

"आज सुट्टी हाय!"

आणि मग इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. रेवडी, बांबू, आकडी, माती, भस्म, काही विसरलं नव्हतं, सगळं क्रमाने लागलेलं होतं. चांगुणा आधी गांगरली आणि मग तिच्या गालावर रंग चढला. तिनेही कंबर कसली. वस्तीतली माणसं अंगणात खाटा टाकून बसली. सोमवारी पुन्हा सगळं शांत. पण आता दोघी रविवारची वाट बघायला लागल्या होत्या. चांगुणा तर शनिवारी रात्रीच शेळीला सांगायची, "उद्या बग तिला."

बातमी फादरांपर्यंत दीपाने पोचवली. ते त्याच संध्याकाळी आले.

"आजी, हे काय ऐकतोय मी?"

"तुमीच सांगितलं, रविवारी उपास नसतो."

"अहो, उपवास गोड गोष्टीचा, आवडीच्या गोष्टीचा असतो. मटण सोडलं तर रविवारी खाता येतं. पण चोरी सोडली तर रविवारी चोरी करता येते का? पापाला सुट्टी नसते, आजी."

बनाबाईने हे ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाली, "म्हंजी भांडन हे पाप हाय का गोड हाय, ते आदी ठरवा. तुमी तर मला ते मटनाच्या पंगतीत बसवून सोडाय लावलं हुतं."

धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत फादरांना पुष्कळ शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. ज्याने दुसऱ्याला दुखतं ते पाप. चांगुणाबाईंनाच विचारू. त्यांना दुखत असेल तर धर्ममाता रेबेकाबाई. बोला, कबूल?"

दीपाच्या डोळ्यांत झालरीचा फ्रॉक चमकला. साऱ्या वस्तीत जिला आपलं वाईट झालेलं बघायला आवडेल, तिच्याच तोंडावर आपली मेणबत्ती अवलंबून, हे बनाबाईला स्वच्छ दिसलं. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

सगळे भिंतीशी गेले. फादरांनी चांगुणाला सगळं नीट सांगितलं. ती सगळं ऐकून घेत, काडीने दात कोरत उभी राहिली.

"म्हंजी मी व्हय म्हनले तर हिचं जातंय?"

"हो."

"आन न्हाई म्हनले तर ऱ्हातंय?"

"हो. पण खरं सांगायचं."

चांगुणाने बनाबाईकडे पाहिलं. बनाबाई जमिनीकडे बघत होती. असं तिला आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"तरास तर लई हुतो, फादर," चांगुणा म्हणाली. दीपाने श्वास घेतला. "सोमवारपासनं शनवारपातुर. गप बसती ना, त्याचा. सकाळी उठलं की माज्या घरात माज्या नावानं हाक मारनारं कोन हाय? पोरं फोन करत्यात, ती रातच्याला. शेळीला बोलाय येत न्हाई."

बनाबाईने नाक ओढलं.

"म्हणजे दुखत नाही?" फादरांनी विचारलं.

"न्हाई. पन," चांगुणाने बांबू उचलून आकडी थेट फांदीला लावली, "भिंतीच्या हिकडच्या शेंगा माज्या. आजपासनं. फादर, तुमी साक्षीला हाय."

बनाबाईचं तोंड उघडलं. वार सोमवार होता. तोंड मिटलं.

फादरांनी निकाल दिला. आठवडाभर मौन, ते ठरल्याप्रमाणे. रविवारी भांडायला परवानगी, पण शिव्या नाहीत, कारण शिव्या गोड नसतात. आणि भांडण संपलं की दोघींनी चहा प्यायचा. "शेंगांबद्दल," ते मोटारसायकलला किक मारता मारता म्हणाले, "चर्च काही म्हणत नाही."

ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये बनाबाई सगळ्यांच्या पुढे उभी होती. दीपाच्या हातातल्या नातीच्या अंगावर रेबेकामावशीचाच फ्रॉक होता, आणि तो नीट करून देऊन मावशी मागच्या बाकावर फुरंगटून बसली होती. तिच्या पलीकडे चांगुणा. चपला बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन, सगळे उभे राहिले की उभी राहत होती, बसले की बसत होती, दर वेळी थोडी उशिरा.

"तुम्ही सैतानाचा त्याग करता का?" फादरांनी विचारलं.

"करते," बनाबाई म्हणाली.

"आणि त्याच्या सर्व कृत्यांचा?"

बनाबाईने एकदा मागे वळून पाहिलं. चांगुणाने भुवई उंचावली.

"करते," बनाबाई म्हणाली, "व्हईल तितका."

शेवटचे दोन शब्द प्रार्थनेच्या पुस्तकात नव्हते. फादरांनी ते ऐकलेच नाहीत असं दाखवलं आणि बाळाच्या कपाळावर पाणी ओतलं. बाळ रडलं. मग बनाबाईने पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर आपली लहान मेणबत्ती पेटवली, आणि ज्योत वाऱ्याने जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा करून उभी राहिली.

जेवणाला चांगुणा आमटीचं पातेलं घेऊन आली. शेवग्याच्या शेंगांची. बनाबाईने एक शेंग चोखली, दुसरी चोखली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." चांगुणा म्हणाली, "शेंगाच अळणी. झाडाला पानी कोन घालतं?" तो रविवारच होता, त्यामुळे पुढचं सगळं नियमात बसलं.

सोमवारी उजाडता उजाडता बनाबाई नातीला दुपट्यात गुंडाळून अंगणात आली. उपवासकाळ संपला होता. पण आता ती धर्ममाता होती, आणि पोरीला श्रद्धा शिकवण्याचं काम तिच्यावर होतं. लांबणीवर टाकण्यात अर्थ नव्हता. तिने पोरीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. पलीकडे चांगुणा आकडी लावत होती.

"बग बाय," बनाबाई म्हणाली, "देवानं सांगितलंय, शेजाऱ्यावर प्रीती कर. ती हीच शेजारीन. ध्यानात ठेव चांगली. हिच्यावर करायची. अवघड हाय, पन इलाज न्हाई."

चांगुणाने आकडी ओढली. शेंग तुटून बरोबर भिंतीच्या अलीकडे, बनाबाईच्या पायाशी पडली.

"चांगुणे!" बनाबाई ओरडली, आणि वस्तीत चहा गाळायला सुरुवात झाली.