‘तपासून पाहिले’ या ओळीखालचे नाव

लियाव बिंगशुन यांनी चुंगह शहरातल्या एका कारखान्यात बावीस वर्षे वेबकॅमेरे तपासले. पट्ट्यावरून कॅमेरा यायचा, ते तो संगणकाला लावायचे, चित्र दिसले की ‘उत्तीर्ण’चा शिक्का मारायचे. कारखाना बंद पडून आता नऊ वर्षे झाली होती. तपासणी मात्र सुटली नव्हती. फरक इतकाच, की आता पगार नव्हता आणि काम सांगणारी बाई फिनलंडमध्ये होती.

त्याचे कारण कारखान्याच्या शेवटच्या तीन खेपा. त्या वेळी आतली चिप बदलली, पण कॅमेऱ्याने संगणकाला स्वतःची द्यायची माहिती जुन्या चिपचीच राहिली. म्हणजे हे कॅमेरे जोडल्याबरोबर खोटे बोलत. चित्र सांगत एका आकाराचे, पाठवत दुसऱ्याच आकाराचे. कारखान्यातल्या संगणकावर चित्र दिसत होते, म्हणून लियाव यांनी त्या तिन्ही खेपांवर शिक्के मारले. पुढे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संगणक-प्रणालीचा कॅमेरा-ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांनी अशा खोटारड्यांसाठी सोय केली. कॅमेऱ्याच्या बोलण्यावर विसंबायचे नाही, आलेले चित्र स्वतः मोजून घ्यायचे. त्या सोयीवरच गल्लीच्या टोकाच्या वृद्ध सेवा केंद्रातले बावीस कॅमेरे चालत होते. म्हाताऱ्या मंडळींना आपली परगावची मुले त्यांतूनच दिसत.

या वसंतात ती सोय काढून टाकायचे ठरत होते. कॅमेरा सांगेल ते खरे मानले की ड्रायव्हर निम्मा होतो, असे बदल सुचवणाऱ्याचे म्हणणे. ड्रायव्हरची राखण करणाऱ्या हिल्का बाईंनी फिनलंडहून लियाव यांना पत्र पाठवले: “शुक्रवारी हा बदल स्वीकारायचा आहे. तुमच्याकडे ते विचित्र कॅमेरे आहेत. तुम्ही पाहिले, तर मला पुरे.”

लियाव यांनी दोन दिवस घालवले. तिन्ही खेपांचे कॅमेरे लावले, काढले, संगणक झोपवला, उठवला. चित्र स्वच्छ. बुधवारी त्यांनी उत्तर लिहिले आणि रिवाजाप्रमाणे खाली ओळ टाकली: तपासून पाहिले, लियाव बिंगशुन. बदल स्वीकारला की ही ओळ त्याबरोबर कायमची नोंदली जाते. मग ती खोडता येत नाही.

गुरुवारी दुपारी नोंदी नीट लावून ठेवताना त्यांना ड्रायव्हरची तारीख दिसली. ती मागल्या वर्षीची होती.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग वर सरकत गेले, तेव्हा सोमवारची एक ओळ सापडली: कॅमेरा वापरात आहे, जुना ड्रायव्हर काढता येत नाही. सोमवारी सेवा केंद्राच्या फंगताईंशी कॅमेऱ्यावरून बोलून झाल्यावर बोलण्याची खिडकी मागे तशीच उघडी राहिली होती. तिने जुना ड्रायव्हर धरून ठेवला होता. नवा कधी चढलाच नव्हता. दोन दिवस त्यांनी जुन्याचीच परीक्षा घेतली होती.

त्यांनी संगणक बंद करून सुरू केला, नवा ड्रायव्हर चढल्याची खात्री केली आणि पहिल्या खेपेतला कॅमेरा लावला. काळे. दुसरीतला, काळे. तिसरीतल्यात एक हिरवी पट्टी आली आणि गेली.

“काय रे म्हातारोबा, कुणी वारलं की काय?” बांबूचे कोंब सोलत त्यांची बायको लीछिंग म्हणाली.

“सही केली मी. न तपासता.”

“तू? भाजीवालीच्या काट्यावर संशय घेणारा तू?”

त्यांनी सगळे सांगितले. ती सोलता सोलता थांबली.

“मग केंद्रातल्या संगणकांवर नवा चढवू नकोस. जुन्यावरच चालू दे. त्या फिनलंडच्या बाईला काय कळतंय?”

“केंद्रातले बावीस गं. आम्ही बाहेर पाठवले ते किती? ते सगळे काळे होतील, आणि खाली नाव माझं.”

“मग लिही तिला. चुकलो म्हणावं. जीभ झडते काय?”

“तिला वाटतं, माझं नाव असलं की परत पाहायला नको.”

“कारखान्यात तरी कोण परत पाहायचं?” लीछिंग म्हणाली. बोलून गेल्यावर तिने मान खाली घातली आणि कोंब जोरात सोलू लागली.

लियाव पडद्याकडे वळले. कारखान्यात निदान दिसले ते पाहून शिक्का मारला होता. दिवसाला नऊशे नग, चित्र दिसते म्हणजे उत्तीर्ण, त्यापुढे विचारायची पद्धत नव्हती. आता कुणी घाई केली नव्हती. शिवाय ‘काढता येत नाही’ ही ओळ त्यांच्याच डोळ्यांपुढून गेली होती. मान दुखत होती. पुन्हा पहिल्यापासून सगळे करायचे, या विचारानेच त्यांना उठवेना.

शेवटी त्यांनी चार ओळी लिहिल्या. माझी तपासणी रद्द समजावी. माझ्या चुकीने जुनाच ड्रायव्हर चालू होता. नव्यावर तिन्ही खेपांत चित्र येत नाही. माझे नाव काढावे. सबब पुढे केली नाही, नोंदी जोडल्या आणि पाठवून दिले.

कोंबांचे सूप निवत आले तेव्हा उत्तर आले. लीछिंगने त्यांच्या खांद्यावरून वाकून विचारले, “काय म्हणते? रागावली?”

“नाही. म्हणते, बदल थांबवला. दुरुस्त केलेला सोमवारी पाठवते. तिन्ही खेपा, पहिल्यापासून.”

“पुन्हा तूच?”

“ते कॅमेरे आणखी कुणाकडे आहेत सांग.”

“आणि तुझं नाव?”

“काढलं तिने.”

लीछिंगने सुपाचा वाडगा पुढे सरकवला. त्यांनी दोन घोट घेतले, वाडगा तसाच ठेवला आणि टेबलावर डोके टेकून डोळे मिटले.