कासारमावशींचा हात

“फुटली म्हनू नगं गं, वाढली म्हन!” पाथर्डीच्या आमच्या कासारमावशी बायकांना दटावायच्या. सौभाग्याची बांगडी फुटली म्हणायचं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. खरं तर त्यांच्या हातून ती क्वचितच वाढायची. गप्पांच्या नादात डझनभर बांगड्या कधी चढल्या, ते कळायचं नाही.

मग त्यांच्या मेंदूला झटका आला. त्यातून उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, आणि काही महिन्यांनी उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर ठेवला की गप्प. बांगडी घेऊन कुणाच्या मनगटाकडे नेला की थयथयाट सुरू! “मेल्या, काम दिसलं की नाचतो व्हय?” मावशी हातालाच शिव्या द्यायच्या. बायका हसायच्या आणि हळूच दुसऱ्या दुकानात जायच्या.

माझ्या मुलीचा लग्नचुडा मावशीच भरणार, हे तिच्या बारशापासून ठरलेलं. शेवटी मी त्यांना नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, इजा वाटाण्याएवढीच आहे. पण हात नेमका नेण्याचं काम मेंदूतल्या बऱ्याच जागा मिळून करतात, आणि त्यांना जोडणारी वाटच बिघडली आहे.

“म्हंजे फाट्यावर रस्ता खचला, अन् गाड्या पार शेवगावपत्तुर खोळंबल्या?”

“अगदी तसंच,” डॉक्टर हसले. गोळ्या दिल्या. फरक पडला, पण थोडाच.

चुड्याच्या दिवशी मुलीचा डावा हात मावशींनी कसाबसा भरला. तिच्या उजव्या हातावर पहिलीच हिरवी बांगडी कडकन गेली. ‘वाढली’ म्हणायलाही कुणाचं तोंड उघडेना. जाऊबाईंनी तर फोन हातात घेतलासुद्धा.

मावशी उठल्या. “दुसरीला बोलवा. मला न्हाई जमायचं आता.”

“बसा खाली, मावशी,” मुलगी म्हणाली. “मांडीवर हात गप असतो ना तुमचा? मग बांगडी तिथंच धरा. मीच येते तिच्याकडं.”

मावशींनी बांगडी मांडीवर उभी धरली. हात थांबला. पोरीने बोटं जुळवली आणि स्वतःचा हात आत ढकलला. “हळू गं, हळू माझी बाय,” मावशी पुटपुटत होत्या. चुडा पुरा झाला तेव्हा दोघीही घामाघूम झाल्या होत्या. मला तर रडूच फुटलं.

यंदा उन्हाळ्यात मावशी वारल्या. परवा मुलगी माहेरी आली, तेव्हा आम्ही बाजारात नव्या कासाराकडे बसलो. त्याने बांगडी पुढे केली, तसा हिने चुड्याच्या वेळेसारखा स्वतःच हात आत ढकलला.

“ताई, हात सैल सोडा की. मी भरतो ना,” तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला आणि भर बाजारात रडायला लागली.