साइडकारमधलं भांडण

माझ्या दुकानासमोरच्या सिग्नलला काल साइडकारची स्कूटर थांबली. अशी गाडी आता क्वचितच दिसते. चालवणारे आजोबा सत्तरीचे, शेजारच्या डब्यात आजी.

"मागच्या चौकात वळा म्हटलं होतं. माझं कधी ऐकाल तर शपथ," आजी म्हणाल्या. आजोबांनी तोंड फिरवलं. आजींनी संत्र्याची फोड सोलून पुढं केली. त्यांनी ती निमूट खाल्ली आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

साध्या स्कूटरवर मागच्या सीटवरचा माणूस समोरच्याच्या पाठीशी भांडतो. इथं मात्र रुसलं तरी शेजारीच बसायचं आणि एकाच वेगानं जायचं.

गिऱ्हाइकांशी घासाघीस करत मी हे दुकान उभं केलं. धंदा माझ्याकडेच शिकून धाकट्या भावानं रस्त्यापलीकडे तसंच दुकान थाटलं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. रोज सकाळी शटर उघडतो तसा मी तो रागही उघडतो.

काल भाऊही त्याच्या दुकानाच्या पायरीवरून त्या दोघांकडे बघत होता. सिग्नल सुटला, आजींनी चालत्या गाडीत आणखी एक फोड पुढं केली आणि तो हसला. राग आठवायच्या आत मीही हसलो होतो, आणि ते त्यानं पाहिलं.